कडी असलेलं स्ट्रेचर

वादळाचा इशारा आला की सेबती जेना आधी कुत्र्यांना सांगायची. पदर कमरेला खोचून, कर्णा तोंडाशी धरून ती जामुसाहीच्या गल्लीत शिरायची आणि पहिल्या दारात जे कुत्रं दिसेल त्याला नावाने हाक मारायची.

"ए लंगड्या, समुद्र खवळलाय. उद्या सकाळी वारा सुटणार आणि पाणी आत येणार. निवाऱ्यात जाऊन बस. चुडा घे, गूळ घे, रेशनकार्ड प्लास्टिकात गुंडाळ. गाय दाव्याला ठेवू नकोस, सोडून दे. आणि घरात म्हातारं कुणी असेल तर त्याला आधी हलव, मागाहून रडत बसू नकोस."

लंगडा शेपूट हलवायचा. दाराआड उभी असलेली घरची माणसं कान देऊन सगळं ऐकायची आणि सेबती पुढच्या दाराकडे वळली की मुकाट्याने चुडा, म्हणजे पोहे, बांधायला लागायची.

जामुसाहीने तिला वाळीत टाकलं होतं. आमच्याकडे त्याला आगपाणी बंद करणं म्हणतात. त्या माणसाला कुणी चुलीतला विस्तव द्यायचा नाही, विहिरीचं पाणी द्यायचं नाही, त्याच्याकडचंही काही घ्यायचं नाही आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. जो बोलेल, जो घेईल, त्याचंही आगपाणी त्याच क्षणी बंद. पोलीस एकदा चौकशीला आले होते. गाव म्हणालं, साहेब, बंदी कुठली, आम्हाला तिच्याशी बोलावंसं वाटत नाही एवढंच. पोलीस चहा पिऊन गेले.

"बोलायला बंदी आहे, ऐकायला कुठे आहे?" सेबती म्हणायची. "आणि कुत्र्याशी बोलायला तर खुद्द जगन्नाथाचीही ना नाही."

मी मिनती. खाडीपलीकडच्या केवटवस्तीत, घाटावर, माझं चहाचं आणि मुढीचं, म्हणजे चुरमुऱ्यांचं, दुकान आहे. आमच्या वस्तीला जामुसाहीचा नियम लागत नाही, आणि लागला असता तरी मी मानला नसता. निवाऱ्याच्या पथकात मी सेबतीबरोबर आहे. ती इशारा आणि सुटका बघते, मी जखमा बांधते. तिची गोष्ट सांगायला मी निष्पक्ष बाई नाही, हे आधीच सांगते. निष्पक्ष माणसं हवी असतील तर जामुसाहीत जा. तिथे सगळे निष्पक्षच होते, म्हणून तर हे सगळं झालं.

सेबतीचा नवरा ध्रुब. उंच, हडकुळा, आणि जगाची काळजी आपल्याच डोक्यावर घेऊन फिरणारा. कुणाची गाय चिखलात रुतली, कुणाची बायको अडली, की ध्रुब हजर. घरचं छप्पर गळत असायचं आणि हा दुसऱ्याच्या छपरावर चढलेला. सेबती चिडायची. "तुझ्याशी लग्न केलं की साऱ्या गावाशी?" असं विचारायची. तो हसायचा आणि शिडी घेऊन निघायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी ते मोठं वादळ आलं तेव्हा आमच्याकडे निवारा नव्हता, पथक नव्हतं, कर्णाही नव्हता. रेडिओवर जे सांगितलं ते ध्रुबने खरं मानलं, एवढंच. आदल्या दिवशी तो सायकलवरून शंख फुंकत गावभर फिरला. लोक हसले. "त्रिनाथाच्या मेळ्यातली चिलीम अजून उतरली नाही वाटतं," म्हणाले. ध्रुबने सर्वांत आधी सायकल थांबवली ती नटबर राउतच्या दाराशी. नटबर गावचा मुखिया. विटांचं, माडीचं घर साऱ्या जामुसाहीत त्याचं एकट्याचं, आणि त्या घराला सागाचं जाड दार.

"मउसा, पाणी आलं तर गाव तुमच्याच माडीवर येणार. दार उघडं ठेवा," ध्रुब म्हणाला.

"येऊ दे की. घर काय माझ्या एकट्याचं आहे?" नटबर म्हणाला. सेबती शेजारी उभी होती. तिने हे आपल्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. ध्रुब आणि सेबती, आणि त्यांच्या मागे गल्लीतली आणखी काही माणसं, छातीभर पाण्यातून त्या दाराशी पोहोचली. दार बंद. ध्रुबने मुठीने ठोकलं, मग खांद्याने धडका दिल्या. आतून आवाज आला, "जागा नाही. दुसरीकडे बघा." वर माडीच्या खिडकीत भाताची पोती रचलेली दिसत होती आणि पोत्यांच्या मधून एक वासरू बाहेर बघत होतं. दुसरीकडे कुठे बघायचं होतं? दुसरीकडे समुद्र होता.

समोर चिंचेचं झाड होतं. ध्रुबने सेबतीला वर चढवलं आणि आपल्या गामछ्याने खोडाला बांधलं. मग बाकीच्यांसाठी तो परत दाराशी गेला. तो दार ठोकत असतानाच मोठी लाट आली. लाट गेल्यावर दाराशी कुणी नव्हतं. पाणी ओसरेपर्यंत सेबती त्या झाडाला बांधलेली होती आणि तिच्या समोर दुसरं काही नव्हतं, फक्त ते दार.

काही दिवसांनी मदत घेऊन एक साहेब आले. त्यांनी सहज विचारलं, "या गावात एकही पक्कं घर नव्हतं का?" सगळे मातीकडे बघायला लागले. सेबती म्हणाली, "होतं. पण आतून कडी लावलेली होती." मग तिने सगळं सांगितलं, पोती आणि वासरासकट. साहेबांबरोबर पेपरवाला होता. त्याने ते लिहून घेतलं.

त्यानंतर भागवत-टुंगीच्या, म्हणजे पोथी वाचायच्या मंडपाच्या, ओट्यावर गावची बैठक बसली. माणसं मेली त्याचं गावाला दुःख होतं, नाही असं नाही, पण पेपरात नाव आलं त्याचं जास्त होतं. गावाची अब्रू गेली म्हणे. ठरलं असं, की सेबतीने दातात गवताची काडी धरायची, "माझी चूक झाली, घरात जागा नव्हती" असं म्हणायचं आणि साऱ्या गावाला जेवण घालायचं. गावाने तिच्या हातचं खाल्लं की विषय संपला. ज्यांची माणसं त्या दाराशी मेली होती, तेही त्या ओट्यावर बसून माना हलवत होते. उद्या बियाणं मुखियाकडूनच आणायचं होतं ना.

"जागा होती," सेबती म्हणाली आणि ओट्यावरून उतरली.

त्या दिवसापासून तिचं आगपाणी बंद झालं. गावाच्या हापशावर ती गेली की बायका हापसा सोडून निघून जात, आणि ती भरून गेली की हापसा धुऊन घेत. मग तिने जाणंच सोडलं. गावाबाहेर समुद्राच्या अंगाला सुरूच्या बनात वाळूचा एक उंच बांध आहे. तिथे तिने झोपडी घातली. आमच्या वस्तीतल्या बाप्यांनी तिला बोअर मारून दिली, हाताने पाइप ठोकून. लोक म्हणाले, वाळूत काय पाणी लागणार? लागलं, आणि नारळाच्या पाण्यासारखं गोड लागलं. विस्तवासाठीही तिने कुणापुढे हात पसरला नाही. गावातला दुकानदार तिला काडेपेटी विकत नसे, म्हणून ती मडक्यात भाताच्या तुसाचा निखारा धुमसत ठेवायची. ती सवय पुढे कधी सुटली नाही.

माझी तिची गट्टी जमली ती निवारा बांधून झाल्यावर. खांबांवर उभी असलेली ती पिवळी इमारत, खाली मोकळं आणि एका कोपऱ्यात स्वयंपाकघर, वर मोठा हॉल. पथक शिकवायला भुवनेश्वरहून एक बाई आल्या होत्या. त्यांना गावचा नियम ठाऊक नव्हता. "वादळात मागे कोण राहील? जायला कोण घाबरणार नाही?" त्यांनी विचारलं. सेबतीने हात वर केला. जामुसाहीच्या लोकांना बोलता येईना, कारण तिला नको म्हणायचं तर तिच्याशीच बोलावं लागलं असतं. अशी ती पथकात आली. दोर बांधणं, बुडालेल्याला ओढणं, मोडलेला पाय न हलवता उचलणं, सगळं ती शिकली. स्ट्रेचर नसेल तर घराचं दार काढा आणि त्यावर माणूस न्या, हे बाईंनी सांगितलं तेव्हा सेबतीने माझ्याकडे बघितलं होतं.

मी तिला अपा म्हणते, म्हणजे ताई. एकदा मी तिला विचारलं, "अपा, ज्यांनी तुला पाणी दिलं नाही त्यांना वाचवायला तू जीव का टाकतेस? ध्रुबदादासारखी पुण्यवान व्हायचंय का?"

ती हसली. तिचं ते हसू मला आवडत नाही, भीती वाटते.

"पुण्य ध्रुबकडे ठेवलंय. मला सूड हवाय, मिनती. गाव मेलं तर ऐकणार कोण? आणि तो नटबर मेला तर सांगणार कोण? तो जगायला हवा. त्याने त्याच तोंडाने, सगळ्यांसमोर म्हणायला हवं की जागा होती. तेवढं ऐकलं की झालं. तोवर मी त्याला मरू देत नाही."

आणि खरंच, तिने कुणालाच मरू दिलं नाही. मधल्या वर्षांत वादळं आली, गेली. कर्णा घेऊन कुत्र्यांना सांगत ती फिरायची. नटबरच्या दाराशी गेली की तिचा आवाज मुद्दाम चढायचा. "ए काळ्या, तुझ्या मालकाच्या घरात जागा आहे का रे? विचार बघू. असली तरी निवाऱ्यात ये. इथल्या कडीचा भरवसा नाही." नटबर आत खोकायचा. तो म्हातारा झाला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकाही वादळात तो निवाऱ्यात आला नाही.

मागचं वादळ आलं तेव्हा नटबरचा मुलगा सुरतेला यंत्रमागावर कामाला होता. घरात नटबर, त्याची सून जेमा आणि जेमाचं तान्हं. सेबतीने काळ्याला इशारा दिला आणि पुढे गेली. थोड्या वेळाने मी निवाऱ्याच्या जिन्यावरून बघते तर काळा पुढे, आणि त्याच्या मागे पोर छातीशी धरून जेमा. सासरा नको म्हणत असताना ती आली होती. तसं सगळं जामुसाही निवाऱ्यात येत असे. सेबतीबरोबर एका छपराखाली बसणं चालतं का, यावर पूर्वी एकदा बैठक झाली होती म्हणे. छप्पर चालतं, पाणी चालत नाही, असं ठरलं होतं. त्यामुळे गाव पलीकडच्या भिंतीला आणि आमची वस्ती, सेबती आणि सगळी कुत्री अलीकडच्या भिंतीला.

पहाटे वारा सुटला. निवाऱ्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पत्र्याच्या डब्यासारखी उडून गेली. खालचं स्वयंपाकघर बुडालं, गॅसची शेगडी गेली. बादल्यांमधलं पाणी उजाडेपर्यंत पोरांनाच पुरलं. दुपारी वारा पडला तेव्हा चारी बाजूंना खारं पाणी साचलेलं. गावचे सगळे हापसे त्यात बुडाले होते, आणि बांध फुटल्यामुळे सरकारी गाडी येण्याची आशा नव्हती.

तेव्हा जेमा उठली. ती अलीकडे आली आणि सेबतीच्या शेजारच्या खांबासमोर उभी राहिली.

"अरे खांबा," ती म्हणाली, "घरी सासरे एकटेच आहेत. माडीची भिंत पडलेली दिसते इथून. कुणीतरी बघायला हवं रे."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सेबतीने दोर खांद्यावर टाकला.

"खांबा," ती म्हणाली, "पोरीला सांग, रडू नकोस. तुझ्या सासऱ्याची गरज तुझ्यापेक्षा मला जास्त आहे."

आम्ही नाव घेऊन गेलो, ती, मी आणि आमच्या वस्तीतले दोघे. नटबर माडीवर होता. वरची तुळई पायावर पडून पाय मोडला होता, अंग भिजून गार पडलं होतं, पण शुद्ध होती. सेबतीला बघून त्याने डोळे मिटले आणि "हरि हरि" म्हणत राहिला. मी बांबूच्या पट्ट्या लावून पाय बांधला.

"त्या खाटेवर घेऊ या," मी म्हटलं. कोपऱ्यात चांगली खाट होती.

"दारावर घेऊ," सेबती म्हणाली.

"अपा, खाट हलकी आहे."

"मला दारच हवंय."

ती खाली गेली. कमरेभर पाण्यात उभी राहून तिने पहारीने त्या सागाच्या दाराच्या बिजागऱ्या उचकटल्या. मी वरून बघत होते. घाई नव्हती तिला. एक बिजागरी निघाली की दाराला हात लावून जरा थांबायची, मग दुसरी. दार सुटून पाण्यावर तरंगलं तेव्हा तिने कडी एकदा वाजवून बघितली. मग नटबरला त्याच्याच दारावर बांधून आम्ही नावेत घातलं.

"नावे, सांभाळून," सेबती म्हणाली. "मोठा पाहुणा आहे."

निवाऱ्यात त्याला गावाच्या बाजूला ठेवलं. सेबती लगेच परत गेली, या वेळी वाळूच्या बांधाकडे. झोपडी उडाली होती, पण हापसा कोरडा उभा होता. त्या उंचीला समुद्र चढलाच नव्हता. तिने डबे भरले, पातेली भरली, आणून सगळी हॉलच्या मधोमध मांडली. तुसाचं मडकं तिने आधीच वर आणून ठेवलं होतं. त्यातला निखारा घेऊन कोपऱ्यात चूल पेटवली आणि भात चढवला. साऱ्या मुलखात तेव्हा विस्तव आणि गोडं पाणी फक्त तिच्याकडे होतं. गावाने तिचं जे बंद केलं होतं, नेमकं तेच.

"पाणी आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "प्या."

कुणी हललं नाही. पोरं ओठ चाटत होती आणि आया त्यांना मागे ओढत होत्या. सगळ्यांचे डोळे नटबरकडे. माणसं किती मूर्ख असू शकतात हे मी तेव्हा बघितलं. समुद्राने घरं नेली, आणि यांना चिंता उद्या बैठकीत काय होईल याची.

दारावर पडल्या पडल्या नटबर म्हणाला, "सरकारी गाडी येईल. थांबा."

"कुठून येणार, मुखिया?" पंचानन म्हातारा म्हणाला. त्याचा भाऊ त्या पहिल्या वादळात गेला होता, आणि तरी ओट्यावर मान हलवणाऱ्यांत तो होता. "बांध फुटलाय. काहीतरी बोला आता."

नटबर मोठ्या मनाने बोलावं तसं बोलला.

"ठीक आहे. वेळ तशीच आली आहे. आजपासून गाव सेबतीला माफ करतं. तिचं आगपाणी सुटलं. प्या सगळे."

लोक उठायला लागले. सेबतीने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसली.

"माफी कोण कुणाला देतंय?" ती म्हणाली. "मला नकोय तुमची माफी. माझ्या हातचं पाणी घेतलं की वाळीत, हा तुमचा नियम. आज तो मोडायचा नाही. ज्याला प्यायचं त्याने वाळीत पडून प्यावं. नाही म्हणणार नाही मी कुणाला."

तिने झाकण पुन्हा काढून बाजूला ठेवलं.

जेमा आली. या वेळी ती खांबाकडे गेली नाही. सेबतीच्या पुढ्यात बसली, ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "खुडी, मला दे. माझं दूध आटलंय."

खुडी म्हणजे काकी. कित्येक वर्षांत जामुसाहीच्या माणसाने तिला कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती. जेमा प्यायली, पोराच्या ओठांना बोट लावलं आणि अलीकडच्या भिंतीला जाऊन बसली.

"आता मीही वाळीत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मग एक बाई उठली, मग तिची जाऊ, मग पोरांची रांग. पंचानन काठी टेकत आला आणि प्यायच्या आधी तांब्यात बघत बराच वेळ उभा राहिला. जो प्यायचा तो अलीकडे येऊन बसायचा. पलीकडची भिंत रिकामी होत गेली. शेवटी तिथे दारावर पडलेला नटबर तेवढा उरला. साऱ्या जामुसाहीत वाळीत न पडलेला माणूस तो एकटाच, आणि त्याच्याच नियमाने त्याला आता कुणाकडून काही घेता येत नव्हतं.

"बोहू," त्याने हाक मारली. "पाणी."

जेमाने सेबतीकडे बघितलं. मग म्हणाली, "बापा, मी वाळीत आहे. माझ्या हातचं तुम्हाला कसं चालेल?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं तिने.

सेबती तांब्या भरून त्याच्याजवळ गेली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात कर्णा. दाराच्या कडेला बसली.

"काय हवंय?"

नटबरने तोंड फिरवलं. नंतर बऱ्याच वेळाने म्हणाला, "पाणी." ध्रुब गेल्यानंतर तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"आहे. या दाराच्या आतून तेव्हा काय म्हणाला होतात, ते आठवतं?"

त्याच्या पायाला सूज चढत होती, ओठांना भेगा पडल्या होत्या. माझ्या पिशवीत मीठसाखरेचं पाणी तयार होतं. मी पिशवीचं तोंड बांधलं आणि ती मांडीखाली घेतली. कुणाला हे निर्दयपणाचं वाटत असेल तर वाटो. मी तिथे होते आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

"मी मेलो तर तुला पाप लागेल," नटबर म्हणाला.

"तुम्ही मरणार नाही. मी मरू देणार नाही. इतकी वर्षं कशासाठी कर्णा घेऊन फिरले?" सेबती म्हणाली. "तहान लागेल, एवढंच. आणखी लागेल. झाडावर मलाही लागली होती."

भात झाला होता, पण कुणी पान मांडलं नाही. लोक बसून होते. नटबरने त्यांच्याकडे बघितलं. कुणीतरी मधे पडेल असं त्याला वाटलं असावं. पंचाननकडे तो जास्त वेळ बघत होता. पंचाननने मान हलवली नाही, या वेळी.

"जागा होती," नटबर पुटपुटला.

सेबतीने कर्ण्याचं बटण दाबलं. तो कर्कश शिट्टी मारून चालू झाला. तिने तो त्याच्या तोंडाशी धरला.

"यात. भिंतीपर्यंत जायला हवं."

"जागा होती." कर्ण्यातून त्याचा आवाज हॉलभर घुमला, खिडक्यांतून बाहेर साचलेल्या पाण्यावर गेला. जिन्यातली कुत्री भुंकायला लागली.

"कडी कुणी लावली?"

"मी लावली."

"घर कुणाचं, म्हणाला होतात आदल्या दिवशी?"

नटबर रडायला लागला. म्हातारा माणूस रडतो तेव्हा बघवत नाही म्हणतात. मला बघवलं. "साऱ्या गावाचं," तो म्हणाला, आणि तेही कर्ण्यातून गेलं.

पंचानन उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

सेबतीने कर्णा बंद केला. नटबरचं डोकं तिने आपल्या हातावर घेतलं, ठसका लागू नये म्हणून जसं शिकवलंय तसंच, आणि घोट घोट पाणी पाजलं. तांब्या रिकामा झाल्यावर दुसरा भरून पाजला. मग उठून तिने साऱ्या गावाला भात वाढला. कुणी तिला माफ केलं नाही आणि तिनेही कुणाला केलं नाही. लोक जेवले.

खरकटी धुताना मी विचारलं, "अपा, झालं ना समाधान?"

"ध्रुब आला का परत?" ती म्हणाली. थाळ्या घासत राहिली. मग म्हणाली, "पण बरं वाटलं, मिनती. लई बरं वाटलं. लोक म्हणतात सुडाने काही मिळत नाही. त्यांनी कधी घेतलेला नसतो."

त्यानंतर जामुसाहीत कुणाचं आगपाणी बंद झालेलं नाही. बंद करणार कोण, सगळं गावच वाळीत आहे. बायका आता सेबतीच्या हापशावर येतात, खुडी, भाउज अशा हाका मारतात. ती पाणी भरू देते. त्यांच्या घरी मात्र जात नाही, आणि त्यांच्याकडचं काही घेत नाही. तिच्या बाजूने विस्तव अजून जात नाही. फक्त जेमाच्या पोराने हातात मुढी दिली तर खाते. इशारा आला की आजही आधी कुत्र्यांनाच सांगते.

नटबरचा पाय जोडला, जरा आखूड राहिला. घर पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्याने निरोप धाडला, की आमचं दार परत द्या. सेबतीने कळवलं, दार पथकाचं आहे. त्याने नवं करून घेतलं, हलक्या लाकडाचं. त्याला आतून कडी लावलेली नाही असं जेमा सांगते.

जुनं दार निवाऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. सराव असला की सेबती तेच घेते, आणि पथकात नवीन आलेल्या पोरींना त्यावर झोपवून दोर कसा आवळायचा ते शिकवते. पाठीला काहीतरी टोचतं म्हणून एखादी पोरगी हाताने चाचपते, आणि विचारते, "खुडी, या स्ट्रेचरला कडी कशाला?"

"ज्या घरात जागा होती, त्या घरचं आहे ते," सेबती सांगते. "हलू नकोस." आणि दोर आवळते.